वाघिणीचा अकरावा आकडा

आज भाच्याला शाळेतून आणताना फाटक पडलं. समोर मालगाडी उभी. त्यानं विचारलं, "मामा, डब्यांवर एवढा मोठा नंबर कशाला?" रेल्वेच्या कामात केस पांढरे झालेत माझे, पण हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

गंजलेल्या लाल पत्र्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं : 31010927636. वहीवर उतरवून घेतलं. पहिले दोन आकडे वाघिणीचा, म्हणजे मालगाडीच्या डब्याचा, प्रकार सांगतात. 30 ते 39 म्हणजे बंद वाघीण, धान्याची, सिमेंटची. पुढचे 01 म्हणजे मालकी मध्य रेल्वेची. 09 म्हणजे 2009 ची बांधणी. मग चार आकडे तिचे स्वतःचे.

आणि शेवटचा 6? माझा जीव त्याच्यावर. दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा आकडा मिळवा : 21. तिप्पट 63. उरलेल्या पाचांची बेरीज 11. झाले 74. पुढच्या दहाच्या पटीला, 80 ला, 6 कमी. तोच अकरावा आकडा! पावसापाण्यात कुणी 7 चा 1 वाचला, तर बेरीज 56 येते, शेवटी 4 हवा होता, आणि चूक लगेच पकडली जाते. याच नंबरावर 'फॉइस' या संगणक प्रणालीत वाघीण देशभर कुठे आहे ते कळतं. आता रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारे आरएफआयडी टॅगही बसवताहेत.

फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी पोरगं बोटांवर तिप्पट करतच होतं. घरी आल्यावर त्यानं स्वतःच्या सायकलला अकरा आकडी नंबर दिलाय. शेवटचा आकडा मी तपासला. बरोबर आहे.