ओहायोत ठासणीच्या बंदुकीने शिकार: इनलाइन रायफल घेणाऱ्यांसाठी

जानेवारीच्या सुरुवातीला ओहायोत हरणांसाठी चार दिवसांचा मझललोडर (म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा) सीझन असतो, यंदा त्यासाठी अथेन्सच्या बाजूला वेन नॅशनल फॉरेस्टच्या टेकड्यांत जाऊन आलो. कोलंबसहून गाडीने सव्वा-दीड तास. सोबत ऑफिसातला साताऱ्याचा मित्र आणि त्याचे सासरे, म्हातारा तिथलाच, लहानपणापासून त्याच डोंगरात शिकार करणारा. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिलीय त्यांना वाटेल की हे तेच, पण तसं नाही. तिच्यात बाजूला घोडा, त्याखाली टोपी आणि ठिणगी वळण घेऊन दारूपर्यंत जाते. इनलाइनमध्ये प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, दारूच्या बरोब्बर मागे, सरळ रेषेत. टोनी नाइटने 1985 मध्ये एमके-85 काढली तेव्हापासून हा प्रकार जोरात आला, आज दुकानात बहुतेक .50 कॅलिबर आणि शॉटगनचा 209 प्रायमर हेच दिसतं.

आता कुठली घ्यायची. सगळे आधी वेग विचारतात. माझं म्हणणं, आधी राज्याची नियमपुस्तिका उघडा. ओहायोत स्कोप चालतो, सॅबो चालतो (म्हणजे गोळीभोवतीचं प्लॅस्टिकचं कवच). पण हीच बंदूक घेऊन कोलोराडोला एल्कच्या (मोठ्या जातीचं हरीण) मझललोडर सीझनला गेलात तर स्कोप नाही, सॅबो नाही, दारूच्या गोळ्या म्हणजे पेलेट्स पण नाहीत, सुटी दारूच मोजून भरायची. आयडाहोच्या मझललोडर सीझनमध्ये तर 209 प्रायमरच चालत नाही. पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरात इनलाइन चालते पण नाताळानंतरचा सीझन फक्त फ्लिंटलॉकवाल्यांचा, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या बंदुकांचा. आणि ते नवीन फायरस्टिक, ज्यात दारूची कुपी मागून घालतात, ते सगळीकडे मझललोडर म्हणून धरत नाहीत. त्यामुळे पुढेमागे दुसऱ्या राज्यात जायचा विचार असेल तर चांगले लोखंडी साइट्स असलेली, स्कोप काढता येणारी बंदूकच बघा.

दुसरं म्हणजे ब्रीच प्लग. हा बॅरलच्या मागचा स्क्रूसारखा तुकडा, साफ करायला तो काढावाच लागतो. सीव्हीए कंपनीच्या ऑप्टिमा, अक्युरा या बंदुकांमध्ये तो बोटांनी फिरवून निघतो, पाना लागत नाही. दुकानात हे फालतू वाटतं, पण संध्याकाळी केबिनच्या ओट्यावर बोटं गारठलेली असताना सासरेबुवा त्यांच्या जुन्या बंदुकीचा प्लग पान्याने काढत बसले होते आणि आमचा तोवर साबणाच्या गरम पाण्यात पडला पण होता. चूळ भरताना जसं काळं पाणी येतं मशेरी लावल्यावर, तसं पाणी निघतं बघा. पायरोडेक्स किंवा ट्रिपल सेव्हन दारू वापरलीत तर त्याच रात्री साफ करा, ती काजळी हवेतलं पाणी ओढते आणि गंज धरतो. म्हणून स्टेनलेस किंवा नायट्राइड केलेलं बॅरल, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. ब्लॅकहॉर्न 209 ही दारू वापरणार असाल तर पाणी नको, बंदुकीचं सॉल्व्हंट लागतं, आणि तुमचा प्लग त्या दारूला चालतो का ते आधी बघा कारण ती पेटायला जड.

डब्यावर 150 ग्रेन (हे दारू-गोळीचं माप) दारू भरण्याची जाहिरात असते, त्याच्या नादी लागू नका. खांद्याला दणका बसतो बाकी काही नाही. आम्ही मापाने 100 ग्रेन दारू आणि 250 ग्रेनची सॅबोवाली गोळी वापरली, जंगलात तसंही 100 यार्डापलीकडे दिसत नाही. साधी स्मोकलेस दारू (काडतुसात असते ती बिनधुराची) मात्र कधीच, चुकूनसुद्धा घालायची नाही, बॅरल फुटतं.

सकाळी काय करायचं ते सांगतो. भरायच्या आधी रिकाम्या बॅरलमध्ये एक-दोन प्रायमर उडवा, आतलं तेल जळून जातं, नाहीतर ऐन वेळी फुस्स. गोळी ठासायच्या गजावर दोन खुणा करून ठेवा, एक रिकाम्या बॅरलची आणि एक भरलेल्याची, म्हणजे दोनदा भरली जाणार नाही. थंडीत सॅबो कडक होतो, शॉर्ट स्टार्टर (गोळी बॅरलच्या तोंडात ढकलायचा छोटा दांडा) खिशात असू द्या. रात्री भरलेली बंदूक उबदार खोलीत आणू नका, आत दव धरतं आणि दारू ओलसर होते. प्रायमर काढून बंदूक बाहेर थंडीतच कुलपात ठेवा, पण "रिकामी" कशाला म्हणतात हे तुमच्या राज्याच्या पुस्तिकेत वाचून मगच.

मित्राला दुसऱ्या दिवशी हरीण मिळालं, ओढ्याच्या काठाला, साधारण 60 यार्डावर. चाप ओढला की समोर नुसता पांढरा धूर, हरीण पडलं का पळालं काही कळेना. सासरे आधीच गुडघ्यावर बसून धुराच्या खालून बघत होते. तुम्ही पण तेच करा, आणि पुढचा बार भरल्याशिवाय जागेवरून हलू नका. गोळी मारली तेव्हा हरीण कुठल्या झाडाजवळ होतं ते झाड लक्षात ठेवा, रक्ताचा माग तिथून सुरू होतो. गेम चेक, म्हणजे शिकारीची सरकारी नोंद, मोबाइलवरून होतं.

केशरी जॅकेट सक्तीचं आहे. खाजगी जमिनीवर मालकाची लेखी परवानगी लागते. एच-वन-बीवाल्यांनो, तुमच्या व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल मनाई आहे पण राज्याचा चालू शिकारीचा परवाना असेल तर त्याला अपवाद आहे, आणि बहुतेक मझललोडर कायद्याने "अँटिक" धरल्या जातात. एन्कोर या बंदुकीसारखी फ्रेम, जिला काडतुसाचं बॅरलही बसतं, ती मात्र त्यात येत नाही. राज्याचा कायदा वेगळा असू शकतो, तेव्हा विकत घ्यायच्या आधी वकिलाला एक फोन करा.