सोंड्यांच्या शोधात वेंगुर्ला: बघायचं कसं, नोंदवायचं काय

सोंडे म्हटलं की तांदळाचा डबा आठवतो. पण सोंड असलेल्या या भुंग्यांच्या जगात 60,000 हून अधिक प्रजातींची नोंद आहे. कोकणात मात्र नाव निघतं ते नारळ, केळी नि आंब्याला त्रास देणाऱ्या मोजक्यांचंच. बाकीचेही बघावेत म्हणून दसऱ्यानंतर, पाऊस ओसरल्यावर, आम्ही दोघी कुडाळला रेल्वेतून उतरून एसटीने वेंगुर्ल्याला गेलो. हाच हंगाम निवडा. पालवी कोवळी असते, रानात अजून ओल असते. सकाळी दहापर्यंत काम उरका, कारण नंतरचं ऊन सोसत नाही.

पहिला मुक्काम एका माडाच्या बागेत. तिथल्या काकांनी आजारी माडाच्या खोडाला कान लावायला सांगितलं. आतून कुरतडल्याचा आवाज स्पष्ट येत होता, आणि भोकातून तांबूस चिकट रस गळत होता. "सोंडो आत गेलो काय माड गेलोच म्हणान समजा," काका म्हणाले. गेंड्या भुंग्याने केलेल्या किंवा झावळ तोडताना झालेल्या जखमेतून याची मादी अंडी घालते. पडलेल्या माडाच्या भुशात तंतूंचे वळलेले कोश मिळाले. त्यांतून निघालेले भुंगे भिंगाखाली धरले. नराच्या सोंडेवर वरच्या बाजूने आखूड, दाट केसांचा ब्रशच असतो, तर मादीची सोंड बारीक नि गुळगुळीत. छातीवरचे काळे ठिपके मात्र प्रत्येकावर वेगळे. त्यांच्यावर विसंबून प्रजात ठरवू नका. रंगांतल्या अशाच फरकांवरून वेगळ्या धरलेल्या आग्नेय आशियातल्या दोन प्रजाती 2004 मध्ये एकच मानल्या गेल्या आणि 2013 मध्ये डीएनएच्या आधारे पुन्हा वेगळ्या झाल्या.

बागेबाहेर बदामाच्या झाडाखाली पानाची छोटी, घट्ट गुंडाळी सापडली. मादी पान आडवं कातरते, अंडं घालून पान वळत जाते, आणि अळी त्याच गुंडाळीत खाऊन वाढते. या पानगुंडाळ्यांच्या मिशा सरळ असतात, तर माडाच्या सोंड्याच्या कोपरासारख्या वाकलेल्या. दहापट भिंगातून आधी एवढंच बघा, कुळापर्यंतचा निम्मा रस्ता तिथेच संपतो.

देवराईत आम्ही काही पकडलं नाही, फक्त फोटो काढले. तिथे गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय काही गोळा करू नये. परवानगी असेल तिथे छत्री उलटी धरून फांदीवर काठीने हलके टोले द्या. सोंडे पाय आखडून मेल्याचं सोंग घेत टपाटप खाली पडतात. छत्री फिकट रंगाची हवी, आणि दोन मिनिटं थांबायची तयारी हवी, कारण हलल्याशिवाय ते काडीकचऱ्यात ओळखूच येत नाहीत. पानांच्या कडा कुरतडणारे, मायलोसेरस नावाच्या गटातले राखाडी खवल्यांचे सोंडे आम्हाला असेच मिळाले. त्यांच्यासाठी ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ गाय मार्शल यांचा भारतातल्या सोंड्यांवरचा 1916 चा खंड अजूनही कामाचा आहे. मात्र माडाचा सोंड्या त्यात शोधू नका, तो त्यात नाही.

सगळ्यात कळकळीचं सांगणं: झाडाचं नाव लिहा. भुंगा कुठे, कधी मिळाला हे सगळेच लिहितात, पण कोणत्या झाडावर, पानावर की खोडात की फळात, हे राहून जातं. सोंड्यांचं आयुष्य झाडाशी बांधलेलं असतं, त्यामुळे त्या एका ओळीशिवाय नमुना अर्धाच. झाड ओळखता येत नसेल तर फांदीचा, फुलाचा फोटो घ्या आणि वाडीतल्या जाणत्या माणसाला दाखवा. स्थानिक नावही जसंच्या तसं नोंदवा.

सामान थोडंच लागतं: झाकणाच्या कुप्या, पेन्सिल (शाई अल्कोहोलमध्ये विरघळते), भिंग, ओल शोषणारं सिलिका जेल. इथल्या दमट हवेत सुक्या नमुन्यांना बुरशी लवकर धरते, म्हणून डबा बंदच ठेवा. डीएनएसाठी 95 टक्के अल्कोहोल लागतं, पण ते ज्वलनशील असल्याने रेल्वेतून नेता येत नाही. जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाशी निघण्याआधीच बोलून तिथेच सोय करून घ्या.