मागच्या पडद्याची डॉक्टर

सांगलीच्या मावशीचा फोन आला की एक प्रश्न ठरलेला असतो, ‘‘अगं, दिवसाला मोतीबिंदू किती काढतेस?’’ बर्मिंगहॅमला येऊन चार वर्षे झाली, तरी ‘एकही नाही’ हे माझे उत्तर तिच्या पचनी पडलेले नाही. मी रेटिनाचे, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचे काम करते, आणि तेही शस्त्रक्रियेच्या बाजूचे नसून इंजेक्शन, लेझर आणि स्कॅन यांच्या आधाराने चालणारे, ज्याला इथे मेडिकल रेटिना म्हणतात.

पुण्यात एमएस करताना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची गोडी मलाही लागली होती, कारण दुसऱ्या दिवशी पट्टी काढताच आजोबांना नातवाचा चेहरा दिसतो आणि संध्याकाळी वॉर्डात पेढे येतात. पडद्याच्या कामात पेढे क्वचितच मिळतात. येथे बहुतेक वेळा गेलेली नजर परत आणायची नसते, तर उरलेली सांभाळायची असते, आणि जे गेलेच नाही त्याबद्दल आभार कोण मानणार?

हे मला येथे आल्यावर तिसऱ्या आठवड्यात कळले. वयोमानाने पडद्याच्या मध्यभागी खालून नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवून पाणी झिरपते, त्या विकाराच्या एका ऐंशीच्या आजींचा स्कॅन पाहून मी उत्साहाने सांगितले, की तुमचा डोळा अगदी स्थिर आहे. त्यांचा चेहरा उतरला. सात इंजेक्शने घेऊन त्या चांगली बातमी ऐकायला आल्या होत्या, आणि माझ्या तोंडी जी चांगली बातमी होती ती त्यांच्या लेखी ‘यापुढे सुधारणा नाही’ अशी होती. तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत, उपचार न केल्यास काय झाले असते हे कागदावर काढून दाखवते.

इंजेक्शनचे नाव काढताच लोक शहारतात, पण प्रत्यक्षात सर्वांत जास्त चुरचुरते ते आधी घातलेले जंतुनाशक आयोडीन. डोळा बधिर करणारे थेंब घातल्यावर पापण्या तारेच्या चिमट्याने उघड्या धरतात, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर मोजपट्टीने खूण करतात आणि केसासारख्या बारीक सुईने जेमतेम ०.०५ मिलिलिटर औषध आत सोडतात. सुई आत असते ती काही सेकंदच. आपल्याकडे हे बहुतेक ठिकाणी ऑपरेशन थिएटरमध्ये होते. येथे त्यासाठी स्वतंत्र स्वच्छ खोली असते आणि पुष्कळदा प्रशिक्षित नर्सच इंजेक्शन देतात, ज्याचे सुरुवातीला मला वैषम्य वाटले होते, आता हायसे वाटते. या इंजेक्शनांतले रॅनिबिझुमॅब हे औषध ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत २००८ साली मान्य झाले; त्याआधी अशा रुग्णांना देण्याजोगे फारसे काही नव्हते. मात्र औषधाचा असर ओसरतो, म्हणून रुग्णाला आधी चार-चार आठवड्यांनी आणि मग हळूहळू अंतर वाढवत, वर्षानुवर्षे यावे लागते. त्यामुळे कोणाचे कुत्रे वारले आणि कोणाची नात कॉलेजात गेली, हे मला स्कॅनइतकेच तोंडपाठ असते.

त्याच आजींनी एकदा दार लावून घ्यायला सांगितले आणि खालच्या आवाजात विचारले, की सोफ्यावर उंच टोप्या घातलेली मुले बसलेली दिसतात, तर मला वेड लागते आहे का? अंधुक झालेल्या पडद्याकडून मेंदूला पुरेसे चित्र मिळेनासे झाले, की तो आपल्या मनाने चित्रे भरतो. जिनिव्हाच्या चार्ल्स बॉनेट यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत हेच नोंदवले होते, आणि त्यांचेच नाव या प्रकाराला मिळाले. हे सांगितल्यावर आजी इतक्या मोकळ्या हसल्या, की मला वाटले, चला, आज पेढे मिळाले.

या नोकरीत मला सर्वांत जास्त हेवा वाटतो तो एका पत्राचा. इंग्लंडमध्ये वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मधुमेहीला पडद्याचा फोटो काढायला या, असे बोलावणे घरपोच येते. ही व्यवस्था २००३ साली सुरू झाली. इंग्लंड-वेल्समध्ये कामाच्या वयातील लोकांच्या अंधत्वाचे पहिले कारण म्हणून किमान पन्नास वर्षे मधुमेहाचे नाव होते. २००९-१० च्या नोंदींत ती जागा पडद्याच्या आनुवंशिक विकारांनी घेतलेली दिसली, आणि त्यामागे या तपासणीचाही हात असावा असे संशोधक मानतात. पुण्यात माझ्यापुढे बसणारा मधुमेही बहुधा डोळ्यासमोर रक्ताचे जाळे उतरल्यावरच आलेला असे.

मावशीला चौदा वर्षांपासून साखर आहे. चष्म्याचा नंबर ती न चुकता तपासते, पण पडदा कोणी पाहिलेला नव्हता. वर्षभर मागे लागल्यावर गेल्या महिन्यात तिने तपासून घेतले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. मी तो बसमध्येच मोठा करून पाहिला. नारिंगी पडद्यावर चार लाल ठिपके आणि कडेला मेणासारखी पिवळी कणी होती. मी लगेच फोन करून सांगितले, की सहा महिन्यांनी पुन्हा दाखव, चुकवू नकोस.

‘‘पण मला तर सगळं स्वच्छ दिसतंय,’’ मावशी म्हणाली.