ऑड्री लॉर्ड मराठीत आणताना

नाशिकच्या वाचनकट्ट्यावर अमेरिकेतली कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्री लॉर्ड घ्यायची ठरली, तर तिची निदान एक कविता स्वतः मराठीत करून बघावी. अडचण नावापासूनच सुरू होते. मूळ नावाच्या शेवटी वाय होता. त्याची ओळीखाली लोंबणारी शेपटी तिला लहानपणीच आवडेना, म्हणून तिने ते अक्षरच टाकून दिलं. मराठीत दोन्ही स्पेलिंगं 'ऑड्री'च. आपली तर सगळीच अक्षरं शिरोरेषेखाली लोंबतात. इथे तळटीप हवीच. 'ब्लॅक' ती मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू करते, 'झामी' या आत्मकथनात 'अमेरिका' मात्र छोट्या. देवनागरीत हा राग गळून जातो. ठसा ठळक केला तर घोषणा वाटते, तेव्हा तेही टीपेतच सांगावं.

जन्म १९३४, न्यूयॉर्क. आईवडील कॅरिबियन बेटांवरून आलेले. १९६१ मध्ये तिने कोलंबिया विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली आणि माउंट व्हर्ननच्या सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी धरली. १८४० सालचं सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय, ज्या गावात आहे, तिथे हे आवर्जून सांगावं! लग्न, दोन मुलं, १९७० मध्ये घटस्फोट. पहिला संग्रह १९६८ चा.

एका ठिकाणी मराठी इंग्रजीपेक्षा स्पष्ट बोलते. 'लव्ह पोएम'मध्ये 'मी तिच्यात शिरले' अशा अर्थाची ओळ आहे. ही कविता वाचून तिचा संग्रह काढणारे संपादक डडली रँडल यांनी तिला विचारलं, यात तू पुरुष झाली आहेस का? नाही, मी एका बाईवर प्रेम करतेय, हे तिचं उत्तर. त्या संग्रहात कविता आली नाही. इंग्रजीतल्या 'मी'ला लिंग नसतं, म्हणून शंकेला जागा राहिली. मराठीत 'शिरले' लिहिलं की प्रश्नच मिटतो. चूक होते ती दोन प्रकारे: सवयीने 'शिरलो' पडतं, नाहीतर संकोचाने 'तिच्यात विलीन झाले'. दुसरी जास्त वाईट, कारण अभंगाची सवय असलेल्या कानाला ती गोड लागते आणि कवितेतलं शरीर नाहीसं होतं.

कविता जड वाटली तर आधी 'द कॅन्सर जर्नल्स' (१९८०) घ्यावं. छोटं पुस्तक, थेट गद्य. स्तन काढल्यावर कृत्रिम स्तन लावायला तिने का नकार दिला, ते त्यात आहे.

'झामी' (१९८२) हे शीर्षक मात्र तसंच ठेवावं. आईच्या कॅरिअकू बेटावर एकत्र राबणाऱ्या, एकमेकींच्या मैत्रिणी आणि प्रेयसी असलेल्या बायकांसाठी हा शब्द आहे. 'सखी' केलं की त्यातले कष्ट जातात, 'सोबतीण' केलं की शेज जाते. निफाडच्या द्राक्षबागेत टोळीने मजुरीला जाणाऱ्या बायका डोळ्यांपुढे आणल्या तर अर्धा अर्थ लागतो. उरलेला पुस्तकातूनच येऊ द्यावा.