वेबसाइटसाठी कॅलेंडर निवडताना

आमच्या वाचनगटाच्या वेबसाइटवर कार्यक्रमांची यादी मी बरेच महिने हातानेच लिहीत होते. सत्रं ऑनलाइन, सभासद वेगवेगळ्या देशांत. एकदा चौघं सत्राला तासभर उशिरा आले आणि वर त्यांनीच माफी मागितली. मला फार लागलं ते, कारण चूक यादीची होती. मग नीट कॅलेंडर बसवायचं ठरवलं.

पहिलं प्लगिन (वेबसाइटला जोडायचं तयार सॉफ्टवेअर) डेमो बघून घेतलं आणि फसले. संगणकावर सुरेख दिसायचं. फोनवर महिन्याच्या चौकटीत कार्यक्रमाचं नाव तिसऱ्याच अक्षराला तुटायचं. आमचे बहुतेक लोक फोनवरच बघतात. ते काढून टाकलं, आणि डेमोंच्या नादी लागणंही सोडलं. आमच्याच अवघड नोंदींची एक आयसीएस फाइल (कॅलेंडरच्या नोंदींची फाइल) केली आणि समोर येईल त्या प्रत्येक कॅलेंडरला तीच देऊन पाहिली. या फाइलचं आयकॅलेंडर हे स्वरूप बहुतेक कॅलेंडरं वाचतात. त्याचं सध्याचं मूळ मानक २००९ सालचं, आरएफसी ५५४५.

या फाइलने मलाच पहिला धडा दिला. १४ ते १६ तारखेचं तीन दिवसांचं शिबिर दोनच दिवस दिसत होतं. मी सॉफ्टवेअरला दोष देत होते, पण पूर्ण दिवसाच्या नोंदीत शेवटची तारीख धरली जात नाही. तिथे १७ लिहावी लागते. चांगल्या कॅलेंडरच्या फॉर्ममध्ये आपण १६ च भरतो, पुढचं ते सांभाळतं.

खरी कसोटी होती ‘दर महिन्याचा शेवटचा शुक्रवार’. काहींना ‘चौथा शुक्रवार’ एवढंच कळायचं, आणि पाच शुक्रवारांच्या महिन्यात सत्र आठवडाभर आधी दिसायचं. शिवाय घड्याळाचा घोळ. अमेरिकेत उन्हाळी वेळ, म्हणजे घड्याळं तासभर पुढे करणं, मार्चच्या दुसऱ्या रविवारी लागते, युरोपात शेवटच्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांत दोन्हीकडच्या वेळांतलं अंतर एका तासाने बदललेलं असतं. आमचे ते चौघं इथेच अडकले होते. सत्रांची मालिका नुसती यूटीसीत (जगाच्या सामायिक प्रमाण वेळेत) साठवली, तर घड्याळं बदलल्यावर पुढची सगळी सत्रं तासाने सरकतात. स्थानिक वेळ आणि ‘युरोप/पॅरिस’सारखं क्षेत्राचं नाव, दोन्ही जपणारंच कॅलेंडर हवं. या एका अटीवर माझी अर्धी यादी गळाली.

रद्द सत्राचाही विचार करावा लागला. मालिकेतून ती तारीख वगळली की नोंद नुसती गायब होते, आणि लोकांना वाटतं आपल्यालाच दिसत नाहीये. मला तिथे ठळक ‘रद्द’ हवं होतं.

शेवटी दाखवण्यासाठी फुलकॅलेंडर हे वेबपानावर कॅलेंडर मांडणारं तयार साधन घेतलं. ते नोंदी साठवत नाही, फक्त मांडतं, त्यामुळे सर्व्हरचं काम आपल्याला करावं लागतं. मी स्थानिक वेळेत साठवलेली मालिका सर्व्हरवरच उलगडून, म्हणजे प्रत्येक सत्राची वेगळी तारीख-वेळ काढून, एकेक सत्र यूटीसीत पाठवते. ब्राउझर ते बघणाऱ्याच्या वेळेत दाखवतो. फोनवर महिन्याऐवजी सरळ यादी ठेवली आहे.

खाली ‘आपल्या कॅलेंडरमध्ये जोडा’ अशी लिंकही दिली आहे; ती जोडली की आमच्या नोंदी सभासदांच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये आपोआप येत राहतात. मात्र लोकांची ॲप्स त्या नोंदी आपल्या सवडीने ताज्या करतात, कधी कधी कित्येक तासांनी. म्हणून त्याच दिवशी सत्र रद्द झालं, तर मी अजूनही सगळ्यांना ईमेल करते.