कुंपण ओलांडून गेलेल्या मुली

आपल्याकडे ‘कॉन्व्हेंट’ म्हटलं की इंग्रजी शाळा डोळ्यांपुढे येते. मूळ अर्थ मात्र ख्रिस्ती जोगिणींचा, म्हणजे ननचा मठ. कॅनडातलं क्वेबेक शहर बघायला आलात, तर जुन्या गावातल्या दोनाकोना रस्त्यावरच्या, मुलींना शिकवणाऱ्या उर्सुलाइन ननच्या मठासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. मठाच्या संस्थापक मारी द लँकार्नासियों 1 ऑगस्ट 1639 रोजी आदिवासी मुलींची शाळा काढायला फ्रान्सहून इथे उतरल्या. त्यांना 2014 साली संतपद मिळालं. पण त्यांचं काम समजून घ्यायला देवघरापेक्षा स्वयंपाकघर आणि सरपण जास्त उपयोगी पडतं.

मिशनरी पुरुष होडीतून रानोमाळ फिरत. या नन त्यांच्या नियमामुळे मठाची वेस ओलांडू शकत नव्हत्या, त्यामुळे इनू, अल्गोंक्विन आणि वेंडॅट या आदिवासी लोकांनीच त्यांच्या दारी यायचं. आलेल्याला उपाशी पाठवणं तिथल्या रीतीत बसत नसे, म्हणून पातेलं कायम चुलीवर. साठ-ऐंशी जणांच्या मेजवानीचं प्रमाण मारींच्या पत्रातच आहे: एक बुशेल (साधारण 35 लिटरचं माप) सुके आलुबुखार, सहा-सहा पौंडांचे चार पाव, वाटाण्याचं किंवा मक्याचं पीठ चार मापं, दोन-तीन पौंड डुकराची चरबी, आणि वर चरबीच्या डझनभर मेणबत्त्या वितळवून. थंडीत राबणाऱ्या शरीराला स्निग्ध लागतं, हे फ्रान्सच्या ननना इथे येऊन शिकावं लागलं.

सरपणाचा हिशेबही तितकाच दांडगा. 92 फूट लांब आणि 28 फूट रुंद दगडी इमारत, चार धुराडी, वर्षाला 175 कॉर्ड (रचलेल्या सरपणाचं मोठं माप) लाकूड. तरीही थंडी हटत नसे, आणि त्यातूनच घात झाला. डिसेंबर 1650 मध्ये, पावाची कणीक गोठू नये म्हणून एका ननने लाकडी काठवटीत निखारे ठेवले आणि विसरली. रात्रीत मठ जळाला. नन आणि मुली अंगावरच्या कपड्यांनिशी बर्फात उभ्या राहिल्या, पण जीव सगळ्यांचे वाचले.

भाषा मारींनी चाळिशीत शिकायला घेतल्या. डोक्यात दगड गडगडताहेत असं वाटायचं, असं त्या लिहितात. पुढे 1660च्या दशकात अल्गोंक्विन आणि इरोक्वा भाषांचे शब्दकोश त्यांनी स्वतः लिहून काढले, आपल्यामागे येणाऱ्या ननना शून्यापासून सुरुवात करावी लागू नये म्हणून. त्यांच्या सगळ्या कामात हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

शाळेचं काय झालं? मुलगी आली की आधी अंगाला चोळलेली चरबी धुवायची, मग फ्रेंच कपडे, मग प्रार्थना, वाचन, शिवण. मुली हुशार होत्या, हे मारींनी मोकळेपणाने मान्य केलंय. पण करमेनासं झालं की त्या कुंपण चढून आईबापांमागे रानात जात. लेकरू कष्टी आहे असं कळलं की आईबाप दुसरा कसलाही विचार न करता त्याला घेऊन जात. 1668 च्या पत्रात मारी लिहितात, शंभरांत जेमतेम एक आमच्या वळणाची झाली.

त्यांना हे अपयश वाटलं. मला त्या आईबापांची माया दिसते, आणि त्या कुंपणावरून परत जाता येत होतं हे फार महत्त्वाचं वाटतं. 1920 साली कॅनडा सरकारने आदिवासी मुलांना निवासी शाळेत सक्तीने धाडण्याचा अधिकार कायद्याने घेतला, तेव्हा ती वाट बंद झाली. दीड लाखांहून अधिक मुलं या शाळांतून गेली. कितीतरी शाळांत रोजचं काम ननच बघत. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या कॅम्लूप्सच्या निवासी शाळेत सेंट ॲनच्या ननचा संघ होता. पोप फ्रान्सिस यांनी 2022 च्या जुलैत कॅनडात येऊन या शाळांतल्या अत्याचारांबद्दल माफी मागितली.

मठ बघून झाला की वेंडॅट लोकांच्या वेंडाके गावी जा. ते शहराला लागूनच आहे. मूस या मोठ्या हरणाच्या केसांनी केलेलं फुलांचं भरतकाम तिथे बघायला मिळेल. अठराव्या शतकात उर्सुलाइन नन भूर्ज सालीवर फ्रेंच फुलांच्या नक्षीचं असंच काम करून विकत. पुढे तो धंदा वेंडॅट बायकांनी आपल्या हातात घेतला. आणि मठाच्या रस्त्याला ज्याचं नाव आहे तो दोनाकोना म्हणजे इथलाच सरदार. फ्रेंच दर्यावर्दी कार्तिएने 1536 साली त्याला पकडून फ्रान्सला नेलं, तो परत आलाच नाही.