सिबिल घाबरत का नाही?

परवा कपड्यांच्या घड्या घालताना 'फॉल्टी टॉवर्स' या ब्रिटिश विनोदी टीव्ही मालिकेचा 'द सायकायट्रिस्ट' हा भाग पुन्हा लावला. 1979 सालचा. सहाव्यांदा तरी पाहत असेन. घड्या तशाच राहिल्या, हे सांगायला नको.

टॉर्कीमधलं हॉटेल, त्याचा तिरसट मालक बेसिल आणि शर्टाची बटणं उघडी टाकून फिरणारा जॉन्सन नावाचा पाहुणा. एकट्याची खोली घेऊन यानं आत बाई लपवलीय, असा बेसिलला वास येतो. झालं, गडी पेटतो. शिडी लावून खिडकीत डोकावतो, तर खिडकी भलत्याचीच. एका ऑस्ट्रेलियन तरुणीच्या खोलीत दिव्याचं बटण चाचपडताना हात नको तिथे पडतो आणि बायको, सिबिल, नेमकी तेव्हाच हजर. पुढे तर रंगानं माखलेला हात आणि त्या मुलीच्या कपड्यांवर काळा पंजा!

गंमत म्हणजे सिबिलकडचा एकही पुरावा खोटा नाही. नवरा त्या खोलीत होता. हात त्याचाच होता. आणि त्याचा खुलासा काय, तर मी दुसऱ्याच बाईला शोधत होतो. असला बचाव करण्यापेक्षा गुन्हा कबूल केलेला बरा.

खरं तर मत्सर बेसिलच्याच पोटात आहे. सिबिल त्या जॉन्सनशी लाडीगोडीनं बोलत बसते, हा त्याला माकडाच्या रांगेत बसवतो. पण जळतोय असं कबूल करेल तर शपथ. तो म्हणणार, हॉटेलचा नियम आहे.

इतकी वर्षं मी त्या शिडीलाच हसत होते. या वेळी सिबिलच्या एका वाक्यापाशी अडकले. नवऱ्याला झापताना ती म्हणते, की अशी मुलगी तुझ्यासारख्या केसांना तेल चोपडलेल्या म्हाताऱ्या काडीकिड्याकडे बघेल, असं स्वप्नात तरी वाटलं का तुला? म्हणजे संशय पुरता आहे, पण नवरा हातचा जाईल ही भीती नावालाही नाही. 'मला फसवलंस' ही तक्रार राहिली बाजूला, 'तुला विचारतंय कोण' हाच मुद्दा. रडली असती तर बेसिलला निदान थोडा भाव तरी आला असता.

हे लिहिलं जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांनी. लग्न 1968चं, घटस्फोट 1978चा. म्हणजे हा भाग दाखवला गेला तेव्हा लेखक नवरा-बायको राहिले नव्हते. त्यातून फार अर्थ काढू नये, कळतंय मला. तरी तो काडीकिडा कागदावर उतरताना त्या टेबलाशी कोण हसलं असेल, हे मनातून जात नाही.

शेवटी बेसिल कोट डोक्यावर ओढून जमिनीवर बेडकासारखा उड्या मारतो. इतका वेळ माझा नवरा मागे उभा राहून बघत होता, ते मला तेव्हा कळलं. टीव्ही बंद झाल्यावर म्हणाला, "काय गं, माझ्यावर भाळेल का कुणी?"

हो म्हणावं तर पंचाईत, नाही म्हणावं तर मी सिबिल. मी मुकाट्यानं उरलेल्या घड्या घालायला घेतल्या. तो अजून उत्तराची वाट बघतोय.